नेत्राक्काचे तीन माईक

हुमनाबादच्या बाजारात नेत्रावतीचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, तोंड मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं. साड्यांचा सेल लागो, सर्कस येवो, की नळाला दोन दिवस पाणी येणार नसो, रिक्षावर भोंगा बांधून जी बाई आधी कानडीत, मग मराठीत आणि शेवटी दख्खनीत सांगत फिरायची ती नेत्रावती. खरी नेत्रावती त्या वेळी चुलीपुढं भाकरी थापत असायची आणि तिचाच आवाज गल्लीतून वाजत जायचा. सासूबाई होत्या तोवर त्या म्हणायच्या, "उठ गं, दारात तुझी सवत आलीया."

नवरा प्रभुलिंग माईकवाला. लग्न असो की सभा, मंडपाच्या आधी याचे भोंगे उभे राहायचे. तो उदगीरकडं मराठी शाळेत शिकलेला. कानडी खणखणीत बोलायचा, पण कानडी अक्षर पुढं आलं की त्याला जिलब्यांचं ताट दिसायचं. नेत्रावती भालकीची, कानडी शाळेतून दहावी झालेली. मराठी वाचायला ती लग्नानंतर शिकली, वर्तमानपत्राच्या पुड्या सोडवता सोडवता. घरात दोन्ही भाषा एकाच ताटात असायच्या आणि कुणाला कधी ठसका लागला नव्हता.

दोन हजार पाच साली तिच्या चुलतभावानं हैदराबादेतून एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. तो तिकडं हार्डवेअर शिकलेला. पुढच्या खोलीत माईक, मागच्या स्वयंपाकघरात कॉम्प्युटर, मधल्या खिडकीतून वायरी. कॉम्प्युटर स्वयंपाकघरात ठेवायचं कारण एवढंच, की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि सगळ्या गाण्यांत उतरायचा. प्रभुलिंगला जत्रा-लग्नांतून सवड नसायची, म्हणून भरायचं काम नेत्रावतीकडं आलं. आमच्याकडं रेकॉर्डिंगला भरणंच म्हणतात, कॅसेट असल्यापासून. घागर भरावी तसं.

एक अडचण होती. कॉम्प्युटरमध्ये आवाज शिरायला दोनच वाटा होत्या, डावी आणि उजवी. माईक कितीही लावा, ते आधी प्रभुलिंगच्या मिक्सरमध्ये एकत्र व्हायचे आणि मगच आत जायचे. मागाहून एखादा आवाज वर काढावा, एखादा खाली दाबावा म्हटलं तर सोय नाही. एवढं मात्र जमायचं, की आधी भरलेलं कानात ऐकत ऐकत त्यावर दुसरा थर चढवता यायचा.

आतापर्यंत तिनं जे भरलं ते एक माईक आणि एक तोंड असलं काम. वचनं म्हणणाऱ्या बायका आल्या तेव्हाही तिनं सहाजणींना शेकोटीभोवती बसवावं तसं एका माईकभोवती बसवलं होतं. ड्रमसेटला मात्र तोंड कुठं असतं? पायानं वाजवायचा मोठा ढोल, त्याला बेस म्हणायचं. मांडीपुढचा कडकड वाजणारा, तो साईड. वर दोन लहान ढोल आणि दोन्ही बाजूंना पितळेच्या थाळ्या. पाचसहा तोंडं, आणि सगळी एकदम बोलणारी.

हे काम आणलं बंडेप्पानं. बंडेप्पाचा ब्रास बँड हुमनाबादपासून बसवकल्याणपर्यंत चालायचा. त्याला स्वतःला फुंकता येत नव्हतं की बडवता येत नव्हतं, पण बारा गडी सांभाळता येत होते, आणि ते काही कमी नाही. दोन हजार सातचा आषाढ होता. लग्नं बंद, बँड बसून, मिक्सर घरात मोकळा. बंडेप्पा ड्रमवाल्या रविकुमारला बरोबर घेऊन आला आणि चहा फुंकत म्हणाला, "पार्टी आता बँड बघत न्हाई, नेत्रावती. आधी सीडी मागतीया. सीडीत जसा आवाज तसं बँड. मागल्या साली बाहेरून भरून आणलो, तर ड्रम ऐकूच येईना. हे एवढं धूड टेंपोत घालून फिरायचं अन् सीडीत त्याचा पत्ता न्हाई."

"आम्ही भरून बघतो, अण्णा," नेत्रावती म्हणाली.

"बघा की. न्हाई जमलं तर माझ्यापाशी उपाय हाय." त्यानं हातानं पाटीएवढा चौकोन काढून दाखवला. "बीदरला बघून आलोय. पॅड म्हणतेत. वर आठ खण. एकावर मारलं की ढोल, दुसऱ्यावर मारलं की थाळी. काखेत मारून न्यावं. वाजवायला माझा मेव्हणा रिकामाच हाय."

रविकुमार भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मग मी, अण्णा?"

"तुला काय तोटा? कोळारला गोदामात कवाबी घेतेत तुला."

रविकुमार मंठाळचा, धनगराचा. आजोबापर्यंत मेंढरं होती, बाप पिराप्पापासून शेती आणि मजुरी. पिराप्पा बिरोबाच्या ढोलावर बसणारा, म्हणून पोराचा हात लहानपणीच ढोलावर पडलेला. पण ढोलावर पोट भरत नाही, तेव्हा रवी बीदरशेजारच्या कोळारच्या कारखान्यांत गेला आणि चार वर्षं गोदामात पोती उचलली. उजवा खांदा तिथंच उतरला. दोन वर्षांमागं बंडेप्पानं त्याला ड्रमवर बसवलं तेव्हा तो सुटला. आता कोळारचं नाव निघताच त्याचा हात आपोआप खांद्यावर गेला, ते नेत्रावतीनं पाहिलं.

मंगळवारी पहिला प्रयत्न झाला. भिंतींना कौद्या, म्हणजे जाड गोधड्या, लटकवल्या. माईक प्रभुलिंगनं लावले. त्याचा हिशेब सरळ होता, जितकी भांडी तितकी झाकणं. पाच माईक, बेस आणि साईडच्या तोंडाशी एकेक, दोन लहान ढोलांत मिळून एक आणि दोन वर टांगलेले. त्यातले चार गाण्याचे, पाचवा सभेत भाषणाला ठेवतात तो लांब मानेचा. रवीनं मन लावून वाजवलं. खोलीत बसलेल्यांच्या छातीत तो बेस धडकत होता. मग स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांनी भरलेलं ऐकलं.

बंडेप्पा म्हणाला, "पत्र्यावर गारा पडायल्यात."

खरंच तसं होतं. ढोलाचं पोट कुठं गेलं कळत नव्हतं, नुसती कडकड राहिली होती.

"येत्या सोमवारी मी बीदरला जायलोय," बंडेप्पा उठत म्हणाला. "सोमवारी सकाळी येतो. तवर ड्रम ड्रमासारखा ऐकवलाव तर ठीक. न्हाईतर येताना पॅड घेऊन येतो. मला दोनदा जायला वेळ न्हाई."

बुधवारी रवीची आई बाणूबाई मंठाळहून आली. तिनं पायताण दारात काढलं आणि उंबऱ्यातच विचारलं, "अक्का, माझ्या लेकाचा ढोल तुमच्या मशिनीत डब्यावानी कामून वाजायलाय?"

"तेच शोधायलेय मी."

"घरी तर माणसाचं काळीज हलतंय. मशीन बहिरी हाय का?"

"मशीन बहिरी न्हाई, मावशी. तिला कान जास्त झालेत की काय, कोण जाणे."

बाणूबाई खाली बसली. "पोरगं पुन्हा पोत्याखाली जातंय बघा. खांदा राहिला न्हाई त्याला. बाप म्हणतोय, न्हाई जमलं तर न्हाई. बापाला काय, तेल मी चोळते."

नेत्रावतीनं चहाचं आधण ठेवलं आणि बोलून गेली, "मावशी, सोमवारी ढोल बोलंल." बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की हा शब्द गेला, आणि हातात अजून काहीच नाही.

त्या दुपारी आणि गुरुवारी ती मिक्सरपुढं बसली. रवी पुढच्या खोलीत एकच ठेका सारखा वाजवत होता, ती कानाला हेडफोन लावून एकेक माईक उघडत होती. बेसचा एकटा ऐकला, चांगला. साईडचा एकटा, तोही चांगला. वरचे दोन, प्रत्येक आपापल्या जागी ठीक. दोन एकत्र उघडले की काहीतरी कमी व्हायचं, आणि पाचही उघडले की गारा. सुनांसारखं झालं होतं. एकेकीला भेटा, सगळ्या गुणाच्या. एका चुलीवर आणल्या की भाकरी करपलीच.

प्रभुलिंग म्हणाला, "आणखी एक माईक लावून बघू का?"

"नको हो. एक काढून बघा." त्यानं वरचा एक काढला. आवाज भरदार झाला. दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. माईक कमी आणि ढोल जास्त, हे त्याच्या धंद्याच्या उलट होतं.

उत्तर त्याच्याच धंद्यात सापडलं. वीरभद्राच्या जत्रेत प्रभुलिंग एक भोंगा देवळापाशी बांधायचा आणि दुसरा लांब रस्त्याच्या कडेला. मधे उभं राहिलं की एकच घोषणा दोनदा ऐकू यायची, "भक्तांनो-भक्तांनो", दुसरी पहिलीच्या पाठीत घुसलेली. शब्द मऊ पडायचे. नेत्रावतीला वाटलं, इथं तेच उलट्या बाजूनं चाललंय. ढोल एक, पण कान पाच आणि पाचही वेगवेगळ्या लांबीवर. साईडवर काठी पडली की जवळच्या माईकला आधी कळतं, वरच्याला मागून. मग सगळं एका भांड्यात पडतं. एका उखळात दोघी कांडायला लागल्या आणि एकीचा हात अर्धा श्वास मागं राहिला, तर मुसळावर मुसळ आपटतं. धान्य कांडलं जात नाही, नुसता आवाज होतो.

"म्हणजे सगळे कान सारख्या लांबीवर पायजेत," ती म्हणाली. "निदान साईडपासून तरी."

"अन् लहान ढोल? त्यांचं काय?"

"ते वरच्यांना ऐकू येतातच की. शेजारणीचं भांडण ऐकायला तिच्या घरात जावं लागतं का?"

तेव्हा ठरलं ते असं: वरचे दोन माईक साईडच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर टांगायचे, एक साईडला, एक बेसला, आणि भाषणाचा माईक रद्द. शनिवारी दुपारी बारा ते तीन लाईट असायची, तेव्हा भरायचं. शुक्रवारी संध्याकाळी तिनं सगळ्या वायरी सोडवल्या, दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणली आणि प्रत्येक माईकला चिठ्ठी लावली, म्हणजे सकाळी धांदल नको. एकावर लिहिलं "बेस". एकावर "साईड". वरच्या दोघांना कानडीत म्हणतात तसं तिच्या मनात "मेले" आलं, मेले म्हणजे वर. पण कानडी अक्षर नवऱ्याला वाचता येत नाही, म्हणून त्याच्या सोयीसाठी तिनं ते मराठी अक्षरांत लिहिलं: "मेले १", "मेले २".

शनिवारी सकाळी प्रभुलिंगला बीदरला जायचं होतं, जळलेला एक भोंगा दुरुस्त करून आणायला. नेत्रावती मागं धुणं धूत होती. तो गेला.

साडेअकराला रवी आला, पाठोपाठ बाणूबाई. तिनं खांद्यावर घरचं घोंगडं आणलं होतं, बेसच्या पोटात घालायला, म्हणजे घुमणार नाही. ड्रमसेट मांडला. नेत्रावती माईक लावायला गेली तर पेटीत तीनच. बेस, साईड आणि रद्द केलेला भाषणाचा. तिनं पेटी उलटी केली, कौद्या झटकल्या, मग नवऱ्याला फोन लावला.

"अहो, वरचे दोन माईक कुठं ठेवलाव?"

"कोणते वरचे?"

"चिठ्ठी लावलेले. मेले लिहिलेले."

"ते होय? ते मी संगं घेऊन आलोय. मिस्त्री खोलून बसलाय. म्हणतोय ह्यात काय बी खराबी दिसंना. तूच तर लिवलीस की मेले म्हणून."

नेत्रावती ओरडली, "अहो, मेले म्हणजे वर! वरचे! कानडीत!"

तिकडून बसस्टँडच्या गलक्यात उत्तर आलं, "कानडी होतं तर कानडीत लिवायचं की, बाई. मराठी अक्षर बघून मराठीच वाचलो मी. अन् नंबर घातलीस म्हणून वाटलं, एक मेला, दोन मेले, मोजून ठेवलीस."

"येताय कधी?"

"मिस्त्रीनं जोडून दिल्यावर. चार तरी वाजतील."

चारला लाईट नसते. रविवारी क्लॅरिनेट आणि कॉर्नेटवाले यायचे होते, ड्रम तयार नसेल तर ते कशावर वाजवणार? आणि सोमवारी सकाळी बंडेप्पा. नेत्रावतीनं फोन ठेवला. बाणूबाईनं विचारलं, "काय झालं?" तिनं सांगितलं. बाणूबाई आधी तोंडाला पदर लावून हसली, मग तिला आठवलं की हसण्यासारखी गोष्ट नाही, आणि तिनं पदर कमरेला खोचला.

"तीन कान हायत," नेत्रावती म्हणाली. "तिघांत बसवू."

साईडचा माईक तिनं साईडपासून काढला. पुढच्या खोलीच्या तुळईला पाळण्याचा आकडा होता, त्याला तो टांगला, ड्रमसेटच्या डोक्यावर. भाषणाचा लांब मानेचा माईक रवीच्या उजव्या खांद्यामागं उभा केला, मान साईडकडं वळवून. तिसरा बेसच्या पोटाशी. अंतर मोजायला टेप नव्हती, तेव्हा तिनं कपाटातून परकराच्या नव्या नाड्याची गुंडाळी आणली.

"मावशी, हे टोक ढोलाच्या मधोमध धरा. हलू देऊ नका."

"बारशाच्या झबल्याचं माप घ्यायलीस का काय ढोलाचं?"

"बारसंच हाय असं समजा."

नाडा ताणून आकड्यावरच्या माईकपर्यंत गेला. तिथं तिनं गाठ मारली. तोच नाडा, तीच गाठ, खांद्यामागच्या माईककडं नेली. माईक चार बोटं लांब होता. स्टँड पुढं सरकवला. पुन्हा मोजलं. रवी नाड्याकडं बघायचं टाळत होता. बाणूबाई म्हणाली, "बघ की नीट, लाजतोस काय, तुझ्याच पोटाचं चाललंय."

पहिलं भरलं आणि ऐकलं. नेत्रावतीनं डोळे मिटले. ढोलाला पोट आलं होतं. काठी पडते, कातडं दबतं, मग उसळतं, हे वेगवेगळं कळत होतं. पण थाळी डोक्यावर बसली होती. वरचा माईक तिच्या जवळ, आणि तिला एकटीला दाबायला मिक्सरवर बटण नाही.

ती पुढच्या खोलीत गेली. "रवी, थाळी हळू. निम्म्यानं हळू. अन् बेसवर पाय जोरात."

"अक्का, मिरवणुकीत थाळी जोरातच लागतीया. मागच्या रांगेला ऐकू जायला पायजे."

"हितं मागची रांग न्हाई. हितं सगळे पहिल्या रांगेत बसलेत, तुझ्या मांडीला मांडी लावून. मिसळायचं काम आज मशिनीचं न्हाई, तुझ्या हाताचं."

त्याला ते पटायला दोन फेऱ्या लागल्या. हाताला सवय रस्त्याची, गर्दीची, जनरेटरच्या आवाजावर मात करायची. घरात वाजवायचं म्हणजे त्याला कुजबुजल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या वेळी जमत आलं आणि हायवेवरून एका लॉरीनं असा हॉर्न दिला की तो भिंतीतून, कौद्यांतून आत आला. चौथ्या वेळी मधेच लाईट गेली. अर्ध्या तासानं आली. पाचव्या वेळी पावणेतीनला रवीनं पूर्ण गाणं वाजवलं, थाळी अशी की पितळेवर कुणी बोट फिरवावं, बेस असा की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे पेले किणकिणले. खिडकीतून नेत्रावतीनं हात वर केला. कुणी हललं नाही, शेवटचा आवाज विरेपर्यंत.

रविवारी फुंकणारे आले, कानात ड्रम ऐकत त्यावर वाजवून गेले. क्लॅरिनेटवाला म्हातारा कान चोळत म्हणाला, "रव्या, तू एवढं बरं वाजवतूस हे मला टेंपोत कधी कळलं न्हाई." ते गेल्यावर नेत्रावतीनं रवीला नुसता ड्रम पुन्हा एकदा ऐकवला, एकट्याला. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत बसला, परक्याचं ऐकावं तसा.

सोमवारी सकाळी बंडेप्पा पिशवी घेऊनच आला, इथून थेट बस धरायला. बाणूबाई, रवी आधीच आलेले. प्रभुलिंगनं सीडी लावली. गाणं संपलं. बंडेप्पा म्हणाला, "परत लाव." दुसऱ्यांदा संपल्यावर त्यानं पिशवी खाली ठेवली.

"पॅड नको," तो म्हणाला.

बाणूबाईनं हात जोडले. रवीच्या चेहऱ्यावर हसू उमटायला लागलं होतं, तोवर बंडेप्पा पुढं बोलला, "नेत्रावती, ह्यातला नुसता ड्रम वेगळा मिळंल का? दहा-बारा गाण्यांचा असाच भरून दे. टेंपोत मशीन हायच. सीडी लावायची, वरून फुंकणारे फुंकतील. पॅड बी नको अन् हे धूड बी नको. जागा किती वाचतीया बघ."

नेत्रावतीच्या ध्यानात आलं, तिनं जितकं चांगलं भरलं तितकं रवीचं काम संपलं होतं. वाईट भरलं असतं तर पॅड, चांगलं भरलं तर सीडी. क्षणभरात ती म्हणाली, "वेगळं न्हाई निघत, अण्णा. वरून फुंकणाऱ्यांचा थर चढवला. ताकात मीठ पडल्यावर मीठ वेगळं निघतंय का?"

बंडेप्पाला ते पटलंही असतं. पण रवीला राहवलं नाही. "अक्का, शनिवारचं वेगळं ठेवलाव की. काल मला ऐकवलाव न्हाई का? लई भारी वाजतंय, अण्णा, नुसतंच."

प्रभुलिंगनं कपाळाला हात लावला. बंडेप्पा नेत्रावतीकडं वळला. "लबाड बोललीस?"

"बोलले," नेत्रावती म्हणाली. तिचे कान तापले होते, पण आवाज भोंग्यातल्यासारखा सरळ निघाला. "वेगळं हाय."

ती आत गेली, नुसत्या ड्रमची सीडी घेऊन आली. बंडेप्पानं हात पुढं केला. तिनं ती रवीच्या हातात ठेवली.

"हे त्याच्या हाताचं हाय, अण्णा. मी भरले एवढंच. कुणाला द्यायचं ते तो बघील."

रवी सीडी उलटसुलट बघत होता. त्याला समजायला वेळ लागला. बाणूबाईला लागला नाही, पण नेत्रावतीनं तिचा हात दाबून धरला होता.

"अण्णा," रवीनं विचारलं, "ही टेंपोत वाजायली असताना मी कुठं असन?"

"तू तुझ्या घरी. न्हाईतर कोळारला. तुझं तू बघ."

"पण वाजवायला मीच असन की."

"सीडी वाजंल."

"सीडीत कोण हाय?" रवीनं ती छातीशी धरली. "माझा हात हाय. हात जाईल तिथं हजेरी पडायला पायजे, अण्णा. ही न्यायची तर न्या. ज्या ज्या लग्नात वाजंल त्या दिवसाची माझी हजेरी लावा, मजुरी द्या."

"टेंपोत न बसता हजेरी?"

"मी बसतोच की. तुमीच उतरवायलाव."

बंडेप्पानं प्रभुलिंगकडं पाहिलं, प्रभुलिंगनं भिंतीकडं. बाणूबाई म्हणाली, "लेक बोलला बाई," आणि पदरानं डोळे पुसले. बंडेप्पानं मिशी चावली. मग त्याच्या गळ्यातून खोकल्यासारखं काहीतरी निघालं, ते हसू होतं.

"हजेरी द्यायचीच असंल तर सीडी कशाला नेऊ, लेका? सीडी जनरेटर उचलंल का? मंडपाला दोरी बांधंल का? पंक्तीला पाणी वाढंल का? तुला नेतो. ड्रम बी वाजव अन् जनरेटर बी उचल."

"खांदा दुखतो," रवी म्हणाला.

"मग एका बाजूनं उचल."

हे काही जन्माचं ठरलं नाही. तीन हंगाम रवी बंडेप्पाच्या टेंपोत बसला. दोन हजार दहाला पॅड आलंच, आणि तोवर रवीनं पॅडही शिकून घेतलं होतं. ड्रम भरायला नेत्रावतीकडं पुढं बीदरहून, उदगीरहून माणसं यायला लागली. नाड्याच्या गुंडाळीची वेगळी पिशवी तिनं खुंटीला अडकवली आणि माईकच्या चिठ्ठ्यांवर ती दोन्ही भाषांत लिहायला लागली, कारण प्रभुलिंगचा तिला भरवसा राहिला नव्हता.

त्या सोमवारी बंडेप्पा बीदरला गेलाच नाही. त्याची बस निघून गेली होती. त्यानं बाहेर जाऊन टेंपो बोलावला आणि ड्रमसेट न्यायला दारात लावला. रवीनं सीडी नेत्रावतीला परत दिली. "अक्का, तुमच्यापाशीच असू द्या. घरी उंदरं हायत."

"नाव घाल आधी," तिनं पेन दिला. त्यानं भिंतीवर टेकवून हळूहळू लिहिलं, रविकुमार पिराप्पा, मंठाळ. बाहेरून बंडेप्पा ओरडला, "ए हजेरीवाल्या! बेस उचल की, का त्याची बी सीडी करू?"

रवीनं पेन ठेवला आणि डाव्या खांद्यावर ढोल घेतला.